कु. विद्याश्री यांची फाइल

कोल्हापूर
१४ जून १९९७

ति. सौ. अक्काला विद्याचा नमस्कार. वाकून नव्हे, बसूनच. शाळेत दिवसभर पोरांच्या नव्या पुस्तकांचे गठ्ठे उचलून कमरेचा काटा ढिला झालाय.

हे पत्र वाचते आहेस म्हणजे डबा मिळाला. वर आपल्या अव्वाच्या हातची शेंगाची चटणी, मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत तुझ्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, तळाशी मी. पोस्टानं लिहायची सोय नाही. तुझ्या घरी आलेलं प्रत्येक पाकीट मामंजी कापडदुकानाच्या गादीवर बसून फोडतात, गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचतात, आणि मग ज्याचं त्याला मिळतं. मागे मी तुला सासूच्या भाकरीवरून गंमत लिहिली होती, ती त्यांनी मला दिवाळीत तोंडपाठ म्हणून दाखवली. तेव्हापासून कानाला खडा. तुमच्या संकेश्वरच्या गाडीच्या कंडक्टरला चटणीची वेगळी पुडी दिली आहे. यापुढे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तू देवळाला म्हणून निघायचं आणि स्टँडवरून डबा घ्यायचा.

परवाचं आठवलं की अजून हसू येतं. राजारामपुरीतल्या त्या डॉक्टरांच्या जिन्यात तू मंगळसूत्र पोलक्यात कोंबलंस, जोडवी काढून माझ्या पर्समध्ये टाकलीस, आणि त्यांनी नाव विचारल्यावर डोळ्याची पापणी न हलवता म्हणालीस, “कुमारी विद्याश्री बसाप्पा हुक्केरी, वय एकवीस.” सत्तावीस वर्षांची घोडी! आणि मी खरी विद्याश्री तुझी थोरली बहीण होऊन शेजारी बसले होते. डॉक्टरांनी लगेच विश्वास ठेवला. माझा आकार कामाला आला बघ.

रडू नकोस आता. थायरॉईड म्हणजे काही महारोग नाही. रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी, बस्स. तू ती लिंगपूजेनंतर तीर्थाबरोबर गिळणार आहेस हे ऐकून मात्र मी कपाळाला हात लावला. सासूला फसवायचं ठीक आहे, देवालाही? पण तुझं भय मला कळतं. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही, त्यात हा आजार कळला तर तुला माहेरी धाडायला त्यांना निमित्तच हवं आहे. म्हणून नाव माझं दिलं. घे की! नाव काय, वापरून झिजतं थोडंच.

तुझीच,
विद्या


२१ फेब्रुवारी १९९९

अक्का,

तुझ्या घरची वरात येऊन गेली. तुझ्या दिरासाठी, अमरेशसाठी मला बघायला! तू आधी एका अक्षरानं कळवलं नाहीस, लबाडे. आपण दोघी एका घरात, एका चुलीपाशी, जावा जावा! अव्वा तर दोन्ही लेकींच्या आनंदात दोनदा चहात साखर घालायची विसरली.

अमरेश बरा आहे. फारसा बोलत नाही, पण मी शाळेतल्या गमती सांगत होते तेव्हा खाली बघून हसत होता. तुझ्या सासूबाईंनी मात्र मला वरपासून खालपर्यंत बाजारातल्या म्हशीसारखं न्याहाळलं आणि जाता जाता दारातच अप्पांना म्हणाल्या, “पोरगी गुणाची हाय, शिकल्याली हाय, पर अंगानं लई आडवी हाय बघा. आमचा अमरेश चिपाड. फोटूत कसं दिसायचं ते? जरा उतरू दे, मग बघू की.”

 अप्पा रात्री जेवले नाहीत.

तुझी चिठ्ठी कंडक्टरनं दिली. “माझ्या गोळ्यांनी मी सहा किलो उतरले, तू पण घे, नाहीतरी तुझ्याच नावावर आहेत.” वाचून आधी हसले, मग विचार केला. औषध घरातलं. घेणारी सख्खी बहीण. दुकानदार डॉक्टरांची चिठ्ठी बघतो, नाव विचारतो, मी माझंच नाव सांगते. यात खोटं काय आहे? उद्यापासून एक सुरू करते. तीर्थाबरोबर नाही, पाण्याबरोबर.

तुझी (आणि लवकरच बारीक),
विद्या


९ मे १९९९

अक्का,

साडेपाच किलो! सुट्टीत अव्वानं माझी सगळी पोलकी आतून आवळून दिली आणि शेजारच्या तानाबाईला बोलावून मला गोल फिरवून दाखवलं. तानाबाई म्हणाली, “काय खाती गं ही? का खाईतच न्हाई?” खाते की! दुप्पट खाते. अव्वा म्हणते, लग्नाचं तेज आहे.

तू म्हणालीस तसं एप्रिलपासून दोन आणि आता तीन घेते. तुझ्या सासूबाई श्रावणात परत येणार, तोवर आणखी सहा उतरायला हवेत, हे मला पटलं. पण एक विचारू? तुला गोळी सुरू केल्यावर छातीत धडधडायचं का? मला पहाटे जाग येते ती त्यानंच. कुणीतरी आत पाटावर कपडे आपटतंय असं वाटतं. बोटं थरथरतात. शाळा सुटायच्या आधीच्या आठवड्यात फळ्यावर ‘शरद ऋतू’ लिहिताना खडू तीनदा पडला, पोरं हसली. केस विंचरले की फणीत मूठभर. दोन महिने पाळी नाही, हेही तुलाच सांगते, अव्वाला नाही.

तुला असं झालं नसेल तर मी घाबरट आहे असं समज. झालं असेल तर सांग, म्हणजे धीर येईल.

विद्या


३० जुलै १९९९

अक्का,

तू उत्तर दिलंस, “सगळ्यांनाच होतं, लग्नापर्यंत कळ काढ.” काढली. परवा बावड्याच्या माझ्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी उभ्या उभ्या कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावर होते आणि शिपाई वहीनं वारा घालत होता.

अप्पा मला कुठं घेऊन गेले असतील? त्याच डॉक्टरांकडे. माझ्या पर्समध्ये त्यांचीच चिठ्ठी सापडली ना. त्यांनी माझ्या नावाची फाइल काढली, नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग फाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “मागं एक बाई आल्या होत्या तुमच्याबरोबर. पेशंट कोण होतं त्यातलं?”

अक्का, त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. अप्पा बाहेर औषधाच्या दुकानात गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. पण अप्पांना कळलं असतं, अव्वाला कळलं असतं, उद्या संकेश्वरला. मी म्हणाले, “मीच. आता बारीक झालेय, म्हणून ओळखू येत नसेन.”

ते चिडले. थायरॉईडच्या पेशंटनं मनानं गोळ्या वाढवायच्या नसतात, हृदय फाटेल, म्हणाले. तीनवरून एकावर आणलं. “पण एक चालूच ठेवा हं,” असं दोनदा बजावलं, “तुम्हाला ती जन्मभर लागणार.” मला! म्हणजे ज्या गोळीची मला गरजच नाही ती मी आता डॉक्टरांच्या हुकुमावरून घेते आहे. खरं सांगितलं असतं तर त्यांनी एका दमात बंद करायला लावली असती.

तुझ्यासाठी केलं. उपकार म्हणून सांगत नाही, पण तुला माहीत असावं.

विद्या


१२ सप्टेंबर १९९९

अक्का,

तुझ्या मामंजींचं पत्र अप्पांना आलं. तीन ओळींचं. “योग नाही. आपली मुलगी आपल्याला लखलाभ. पुढे हा विषय काढू नये.”

का? श्रावणात सासूबाई आल्याच नाहीत. मी बारा किलो उतरले, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. अप्पा विचारतात, आपल्याकडून काय चुकलं. ते संकेश्वरला यायला निघाले होते, अव्वानं चपला लपवल्या.

आणि तुझं उत्तर एवढंच, कंडक्टरच्या हाती, मी पाठवलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर: “डबा पाठवू नकोस. काही विचारू नकोस.” अगं, डबा नको तर तुझ्या गोळ्यांचं काय? तू ठीक आहेस ना? सासूबाई काही बोलल्या का तुला? मला माझ्यापेक्षा तुझीच काळजी लागली आहे बघ.

विद्या


६ डिसेंबर १९९९

दानेश्वरी,

काल हातकणंगल्याला चुलतमामांच्या मुलीचं लग्न होतं. तू आली नाहीस. तुमच्या गल्लीतली बनाबाई आली होती. पंगतीत माझ्या पानासमोर उभी राहून, वाढायचं सोडून, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, “विद्या न्हवं का तू? आगं, किती वाळलीस! तुझ्या थायराडचं काय झालं? गोळी चालू हाय न्हवं?”

मी म्हटलं, “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी म्हंजे? तुझ्या अक्कानंच की! ऑगस्टात तुझ्या अक्काच्या सासूनं चटणीच्या डब्यात हात घातला, तवा गोळ्या घावल्या. चिठ्ठीबी घावली. चिठ्ठीवर तुझं नाव. दानेश्वरी रडत म्हणाली, बहिणीला न्हानपणापासनं रोग हाय, लगीन हुईस्तोवर लपवून ठेव म्हणून माझ्याकडं दिल्यात. बरं झालं बाई, येळेवर घावलं. पर तू मनाला लावून घिऊ नगंस.”

आणि तिनं मला बुंदी वाढली.

मी ती खाल्ली. काय करणार होते? सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. हात थरथरत होता, तर एक बाई दुसरीला म्हणाली, “बघ, रोगच हाय.”

डब्याच्या तळाचं माझं पत्र तू आधीच काढून घेतलं असणार, म्हणून तुझं खोटं चाललं. मी आजारी असल्याचं सांगितलंस तेही मी एखादे वेळी गिळलं असतं. तुला कोपऱ्यात गाठलं होतं, तोंडाला येईल ते बोललीस, असं मनाला समजावलं असतं. पण “लपवून ठेव म्हणाली”? मी म्हणाले? तुझी जोडवी माझ्या पर्समध्ये होती त्या दिवशी, दानेश्वरी. डॉक्टरांनी तोंडावर विचारलं तेव्हा मी तुझ्यासाठी खोटं बोलले आणि त्याची गोळी आजतागायत गिळत आले. तू माझं नाव मागून घेतलंस, आणि वेळ आली तेव्हा तेच माझ्या गळ्यात बांधून मला विहिरीत ढकललंस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

आज सकाळपासून मी गोळी बंद केली आहे. माझी मी.

विद्याश्री


१९ ऑगस्ट २००१

दानेश्वरी,

पावणेदोन वर्षांनी लिहिते आहे. मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, मीही वाट बघणं सोडलं होतं.

शिवशरण नावाचे एक गृहस्थ आहेत. इचलकरंजीला शिक्षक. शाळेच्या स्पर्धेत ओळख झाली. त्यांना मी अशीच चालते. वजन पुन्हा पहिल्यासारखं झालंय, तरीही. पण त्यांच्या आईला कुणीतरी सांगितलं की ही पोरगी आजारी आहे आणि आजार लपवून संकेश्वरच्या घराला फसवत होती. त्यांनी मला सरळ विचारलं. मी सरळ सांगितलं, आजार माझ्या बहिणीचा होता. त्या म्हणाल्या, “असं तर कुणीबी म्हणंल की. तुझ्या बहिणीनं म्हणू दे.”

म्हणून तुझ्याकडे एक ओळ मागते. फक्त एक. “त्या गोळ्या माझ्या होत्या.” खाली सही. मी ती त्यांच्या आईशिवाय कुणाला दाखवणार नाही, त्यांनीही तसा शब्द दिला आहे. तुझ्या घरी कळणार नाही.

कंडक्टर सोमवारी परत येईल. पोस्टाची पेटी आमच्या कोपऱ्यावरच आहे आणि मामंजींचा पत्ता मला पाठ आहे, हे तुलाही ठाऊक आहे. पावणेदोन वर्षांत मी त्या पेटीपर्यंत गेले नाही. त्याची तरी आठवण ठेव.

विद्याश्री


३ सप्टेंबर २००१

दोन सोमवार झाले. कंडक्टर म्हणाला, “बाईंनी वाचलं, पदरात घातलं, न् गेल्या की.”

शिवशरण थांबायला तयार होते. त्यांची आई नव्हती. मीच त्यांना नको म्हटलं, सासूला नको असलेल्या सुनेचं काय होतं ते तुझ्याकडे बघून मला कळलंय.


२५ नोव्हेंबर २००२

सौ. दानेश्वरी,

हे पत्र पहिल्यांदाच पोस्टानं येतं आहे, रजिस्टर करून. म्हणजे ते आधी मामंजींच्या हाती पडेल.

मामंजी, नमस्कार. चष्मा लावा आणि सावकाश वाचा, अक्षर शाळामास्तरणीचं आहे, अडणार नाही. मोठ्यानं वाचा, आत सासूबाईंना ऐकू जाईल असं. गिऱ्हाईक असलं तरी हरकत नाही.

दानेश्वरी, गेल्या सोमवारी कंडक्टरनं मला रिकामा डबा आणून दिला. तीन वर्षांनी. तळाशी तुझी चिठ्ठी: तिसरा महिना आहे. याआधी दोनदा पोटातलं राहिलं नाही. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याला हात लावून विचारलं, थायरॉईडचं औषध कधी घेतलं होतं का, जुने कागद आणा. सासूबाई शेजारी होत्या, म्हणून तू नाही म्हणालीस. आणि आता मला लिहितेस, “विद्या, तुझ्या पाया पडते. पूर्वीसारखं डब्यातून पाठव.”

पूर्वीसारखं! वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डबा मी अंगणात भिरकावला, अव्वा धावत आली. माझ्यासाठी एक ओळ लिहायला तुला शाई मिळाली नाही, आणि स्वतःसाठी अख्खी चिठ्ठी भरून लिहिलीस. रात्रभर मी मनात तुला नाही-नाही ते बोलले. सकाळी डबा उचलला, पोचा आला होता, आणि डॉक्टरांकडे गेले.

सगळं सांगितलं. जिना, मंगळसूत्र, जोडवी, चटणी. ते ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, “फाइलवर कुमारी होतं हो! लग्न झालंय, मूल होत नाही, हे मला कळलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की दोन्ही गोष्टी एकच आहेत. गोळी नीट चालली असती, तर पोर आज बालवाडीत असतं.”

हे मी तुला टोचायला लिहीत नाही. थोडं टोचायलाही लिहिते. ज्या भीतीनं तू माझं नाव घेतलंस, त्याच नावामुळे तुझी कूस रिकामी राहिली.

त्यांनी सांगितलेलं आता नीट वाचा, मामंजी. गोळी लगेच सुरू करायची आणि एक दिवसही चुकवायची नाही. रक्त दर महिन्याला तपासायचं, त्याप्रमाणे गोळी कमी-जास्त होणार, ती बेळगावच्या बाईच ठरवतील. नाहीतर मूल राहील न राहील, आणि राहिलं तर बुद्धीनं अधू होईल. हे चटणीच्या डब्यातून होण्यासारखं नाही. स्टँडवर उभं राहून, देवळाच्या नावाखाली, तीर्थाबरोबर लपवून होण्यासारखं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक असेल तरच होईल. म्हणून पोस्टानं.

सासूबाई, आजार लाजेचा नाही. तुम्ही तिला माहेरी पाठवणार असाल तर आजच पाठवा, अप्पा न्यायला येतील; तिची गोळी मी स्वतः रोज तिच्या तळहातावर ठेवीन. पण ठेवून घेणार असाल, तर उघडपणे औषध द्या. तुमचंच नातवंड आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, विद्याश्रीनं मोठ्या मनानं माफ केलं. नाही केलं. दानेश्वरी, मला अजून रस्त्यात कुणी “तब्येत कशी आहे?” विचारलं तर आधी तू दिसतेस. पहाटे छातीत एखादा ठोका चुकतो तेव्हा तू दिसतेस. पोटातल्या जिवानं माझं काही वाकडं केलेलं नाही, म्हणून हे पाकीट. तुझ्यासाठी असतं तर मी ते केलं असतं की नाही, मला माहीत नाही.

फाइल सोबत आहे. डॉक्टरांनी माझ्यासमोर वरचं नाव खोडलं आणि ‘सौ. दानेश्वरी’ लिहून, तारीख घालून सही केली. आतले रिपोर्ट सगळे तुझेच आहेत, मी कोसळले तेव्हाचं माझं पान तेवढं त्यांनी काढून घेतलं. डबा मी ठेवून घेतला आहे, चटणीसाठी.

मग त्यांनी एक कोरी फाइल पुढे ओढली. “आता तुमची करू. ठोका चुकतो म्हणता, तर ईसीजीची पट्टी काढून बघायला हवी. नाव?” मी सांगितलं, विद्याश्री बसाप्पा हुक्केरी, वय सव्वीस. स्वतःचं नाव सांगताना मला रडू आलं, त्यांनी पेन थांबवून वाट बघितली. त्या पहिल्या पानाची झेरॉक्स मी शेवटी जोडली आहे. त्यात एक ओळ आहे: पूर्वीचा आजार — काही नाही.

मामंजी, तेवढी ओळ दोनदा वाचा.

विद्याश्री